बरबटलेली बंदूक

एमिल हुडाकच्या बायकोला, लोरेटाला, पुरून आल्यावर मंडळी त्याच्या घरी जमली. येताना त्यांनी जेवण आणलं आणि जाताना बंदुका नेल्या.

जेवण पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ भागात दुःखाच्या घरी नेतात तेच होतं. शेवयांत टूना मासा, वर वितळलेलं चीज. जितक्या शेजारणी तितके ट्रे, आणि सगळ्यांची चव एक. बंदुका तळघरातल्या कपाटात होत्या. लोरेटाचा भाऊ नॉर्बर्ट क्लाइन, ज्याला सगळे नॉर्ब म्हणत, कोणाला न सांगता खाली गेला. वर आला तेव्हा त्याच्या दोन्ही काखांत बंदुका होत्या आणि चेहऱ्यावर प्रार्थनेला उशिरा पोचलेल्या माणसाचा भाव होता.

"जरा साफ करून आणतो," तो म्हणाला.

"साफच आहेत," एमिल म्हणाला.

"मग आणखी साफ करतो."

एमिलने त्याच्यासाठी दार उघडून धरलं, कारण नॉर्बचे हात मोकळे नव्हते.

ही तिथली रीतच होती. ज्याच्या घरात माणूस एकटा उरला, त्याच्या बंदुका जवळच्या नातेवाइकाने साफ करायला न्यायच्या. कशासाठी ते कोणी बोलायचं नाही, आणि ज्याच्या नेल्या त्याने विचारायचं नाही. बंदुका साफ होऊन कधी परत येतात, यावरून गाव त्या माणसाच्या तब्येतीचा अंदाज बांधत असे. झाडांना पालवी फुटली, झडली, तरी एमिलच्या आल्या नाहीत.

एमिलच्या मनात तसलं काही होतं का? त्याच्या मनात कसलंच काही नव्हतं, हीच खरी अडचण होती. कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला हा माणूस सकाळी उठे, आलेल्या ट्रेमधला एक चौकोन कापून खाई, रिकामा ट्रे घासून ज्याचा त्याला नेऊन देई, आणि तो भरून परत येई. दुपारी ओसरीतल्या खुर्चीत बसे. समोरून गाडी गेली की हात वर करी. हात वर करण्यात त्याने कधी कसूर केली नाही, त्यामुळे अर्ध्या गावाला वाटे की तो सावरला, आणि उरलेल्या अर्ध्याला वाटे की हे फारच वाईट लक्षण आहे.

ऑक्टोबरात एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ओटो वाइसने त्याला गाठलं. ओटो म्हणजे त्यांच्या शिकारीच्या खोपटाचा सर्वांत जुना सभासद, स्वयंपाकी आणि स्वयंघोषित न्यायाधीश. वर जंगलात त्यांचं एक लाकडी खोपट होतं. दर वर्षी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी हरणांची शिकार खुली होई, त्या दिवशी शाळासुद्धा बंद असत, आणि आदल्या रविवारपासून ओटो, नॉर्ब आणि एमिल तिथे मुक्काम ठोकत.

"यंदा तू नुसता ये," ओटो म्हणाला. "बंदूक नाही, काही नाही. आराम कर. शेगडीजवळची खाट तुला. भांडीसुद्धा आम्ही घासू."

एमिलने मान डोलावली. गाडीत बसून किल्ली फिरवताना त्याला कळलं की आपल्याला पाहुणा केलंय.

त्या खोपटात आजवर कोणी कोणाला आराम करायला सांगितलेलं नव्हतं. शेगडीजवळची खाट ओटोची होती आणि त्या खाटेसाठी तो एकदा पाद्र्याशीही भांडला होता. तिथली सभ्यता वेगळी होती. ज्याचा हरणावरचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट, म्हणजे पँटमध्ये खोचायचा भाग, कात्रीने कापायचं आणि भिंतीला खिळ्याने ठोकायचं, हा तिथला एकमेव कायदा. सबब चालत नसे. भिंतीवर सर्वांत जास्त शेपटं एमिलची होती. दर वर्षी तो अर्ध्या शर्टाने घरी येई आणि लोरेटा हाताला लागेल त्या कापडाचं नवं शेपूट लावून देई: कधी स्वयंपाकघरातला पडदा, कधी टेबलावरची चादर, एकदा तर चक्क बदकांचं चित्र असलेला टॉवेल. हुडाकांच्या घरी यंदा कोणते पडदे बदलले, हे खोपटातल्या लोकांना एमिलच्या पाठीवरून समजत असे.

आता तिथे त्याला गरम खाट आणि मऊ आवाज मिळणार होते. एमिलला मऊ आवाजांचा वीट आला होता. म्हणजे वीट येण्याइतकं त्याला काही वाटत नव्हतं, पण येण्याजोगी गोष्ट हीच आहे हे त्याला दिसत होतं. निदान त्या एका जागी कोणीतरी आपल्याला पूर्वीसारखं गाढव म्हणावं, एवढीच त्याची अपेक्षा होती. आणि बंदूक नसलेल्या माणसाला तिथे गाढव म्हणायचं कारणच उरत नव्हतं.

नॉर्बकडे आपली बंदूक मागितली असती तर त्याने ती दिली असती, किंवा दिली नसती. दोन्ही बाबतींत बोलावं लागलं असतं. म्हणून एमिल व्हर्ना स्टालच्या दुकानात गेला.

व्हर्ना खिळे, बर्फाची फावडी, पक्ष्यांचे दाणे आणि बंदुका विकत असे, साधारण याच क्रमाने. एमिल आत आला तशी तिने दाण्यांच्या पोत्याकडे हात केला.

"दाणे नकोत," एमिल म्हणाला. "बंदूक."

व्हर्नाने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"कशाला?"

"हरणाला."

"हरणाला बंदूक कशाला लागते?" असं म्हणून ती स्वतःच हसली आणि मग थांबली. "नॉर्बला सांगितलंस?"

"हरण मला मारायचंय, नॉर्बला नाही."

भिंतीवर नव्या चकचकीत शिकारी बंदुका टांगलेल्या होत्या. एमिलने आयुष्यभर तसल्याच वापरल्या होत्या. पण चांगली बंदूक माणूस पुढची वीस वर्षं डोळ्यांपुढे धरून घेतो. एमिलला शिकारीचा सोमवार दिसत होता, त्यापलीकडे धुकं होतं. त्याची नजर खाली जमिनीवर ठेवलेल्या लाकडी खोक्यावर गेली. आत रशियन फौजेने मोडीत काढलेल्या जुन्या लांबलचक बंदुका, लोणच्यातल्या फोडींसारख्या वंगणात बुडवून रचल्या होत्या. गावातली तरणी पोरं त्या स्वस्त म्हणून नेत. एमिलच्या वयाची माणसं त्यांच्याकडे बघून नाक मुरडत. फौजेची बंदूक त्याने कधी घेतली नव्हती.

"यातली दाखव."

"यातली?" व्हर्ना गुडघ्यावर बसली. "अरे, ही हातात धरून तू जंगलात गेलास तर हरणं शरण येतील. युद्ध संपलं नाही असं वाटेल त्यांना."

तरी तिने बाही वर केली आणि एकेक बाहेर काढू लागली. एमिलने बंदूक निवडायची पद्धत सोडली नाही. बोल्ट, म्हणजे मागेपुढे सरकणारा लोखंडी दांडा, त्यावरचा आकडा नळीवरच्या आकड्याशी जुळतो का ते बघितलं. ज्यांचे जुळत नव्हते त्या बाजूला सारल्या. चिंधी गुंडाळलेली काठी नळीतून फिरवून दिव्याकडे धरली आणि आतले पीळ धारदार आहेत की झिजलेत ते पाहिलं. एकीचं तोंड घासून गुळगुळीत झालेलं होतं, ती परत खोक्यात गेली. लाकडी दस्त्याला चीर आहे का म्हणून बोट फिरवलं. बघता बघता त्याच्या हाताला एक बऱ्यापैकी कोरडी, नीटस बंदूक लागली.

"ही बरी आहे. फार साफ करावी लागणार नाही."

"ती नको," व्हर्ना पटकन म्हणाली.

"का?"

"ती... ती मी मास्तरसाठी ठेवलीय." गावात कोणी मास्तर बंदूक वापरत नव्हता. "ही घे बघ." आणि तिने खोक्याच्या तळाशी हात घालून अशी एक बंदूक ओढून काढली की तिच्यात लोखंड किती आणि वंगण किती हे देवालाच ठाऊक. बोल्ट उघडायला तिला पाय लावावा लागला. दस्त्याच्या एका कोपऱ्यात कोणीतरी नवं लाकूड कापून, ठिगळासारखं अगदी बेमालूम बसवलेलं होतं. नळी मात्र आतून चांगली होती. आकडे जुळत होते.

एमिलने तिच्याकडे पाहिलं आणि मग व्हर्नाकडे पाहिलं. त्याच्या लक्षात आलं. या बंदुकीने आज कोणी काही करायचं ठरवलं तर फार तर त्याचे कपडे खराब झाले असते. दुकानातली सर्वांत सुरक्षित बंदूक ती त्याला देत होती.

"ही साफ करायला आठवडा जाईल," तो म्हणाला.

"दोन जातील," व्हर्ना म्हणाली. "घाई आहे?"

"नाही."

बंदूक विकण्याआधी सरकारी चौकशीचा फोन करावा लागतो, तो झाला. सरकारची काही हरकत नव्हती. हरकत व्हर्नाला होती, पण तिला विचारायची तरतूद कायद्यात नव्हती. तिने बंदुकीसोबत एक तेलाची दुतोंडी डबी दिली, एक कातडी पट्टा दिला, ज्याच्या दोन्ही टोकांना कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसले छोटे पट्टे होते, आणि वंगण काढायला थिनर दिला.

"काडतुसं?" एमिलने विचारलं.

"आधी साफ तर कर. साफ झाली की आणून दाखव."

घरी त्याने स्वयंपाकाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली आणि बंदूक सुटी केली. व्हर्ना म्हणाली होती की काही लोक दस्ता ओव्हनमध्ये ठेवतात, म्हणजे लाकडात मुरलेलं वंगण बाहेर येतं. लोरेटाचा ओव्हन मार्चपासून फक्त ट्रे गरम करायला लागत होता. एमिलने दस्ता आडवा धरला, तिरपा धरला, पण तो मावेना. लोरेटा असती तर तिने मापसुद्धा घेऊ दिलं नसतं. दस्ता हातात धरून तो थोडा वेळ ओव्हनपुढे उभा राहिला.

मग त्याने दस्ता तळघरात लाकडाच्या शेगडीशेजारी तारेने टांगला. तासाभरात लाकडाला घाम फुटला. काळपट, चिकट थेंब वर आले आणि ओघळू लागले. त्याने पुसले. पुन्हा आले. पुन्हा पुसले. जुन्या बनियनच्या चिंध्या संपल्या, मग तो त्यातल्या त्यात बऱ्या बनियनांवर आला. दस्ता रोज कोरडा वाटे आणि रोज शेगडी पेटली की परत पाझरू लागे. एमिलला त्याचं काही वाटलं नाही. काम होतं, आणि ते संपत नव्हतं, हे ओसरीपेक्षा बरं होतं.

लोखंडाचे भाग त्याने न्हाणीघरातल्या टबात ठेवले आणि वरून उकळतं पाणी ओतत राहिला. वंगण सुटून टबाच्या पांढऱ्या कडेला तपकिरी रेघ उमटली. एका हिवाळ्यात त्याने त्या टबात मासे धुतले होते तेव्हा लोरेटाचा जो आवाज चढला होता तो शेजारच्या घरी ऐकू गेला होता. आता रेघेकडे बघत तो तसाच गुडघ्यांवर बसला. नंतर त्याने ती रेघ पुसून टाकली. त्यात मजा नव्हती.

दुसऱ्या दिवशी नॉर्ब ट्रे घेऊन आला.

"ऐकलं, तू बंदूक घेतलीस."

"व्हर्नाने सांगितलं?"

"व्हर्ना कशाला सांगेल? पोस्टात सांगितलं."

तो एमिलच्या आवाजाच्या दिशेने थेट न्हाणीघरात आला. टबात नळी, चाप, स्प्रिंगा आणि बोल्ट बुडालेले होते. नॉर्बने बराच वेळ ते दृश्य पाहिलं.

"ही माणसाने अंघोळ करायची जागा आहे."

"तिला जास्त गरज होती."

नॉर्ब बंदूक न्यायला आला होता, हे त्याच्या अंगावरच्या मोठ्या कोटावरून दिसत होतं. पण सुट्या भागांची बंदूक कोटात लपवता येत नाही. शिवाय नॉर्बचा एक कच्चा दुवा होता: दुसऱ्याला वेडंवाकडं काम करताना बघून त्याला गप्प बसवत नसे.

"असं नाही घासायचं. दे इकडे."

तो कमोडच्या झाकणावर बसला, बाह्या सरसावल्या, आणि दोघे मेव्हणे-मेव्हणे संध्याकाळपर्यंत रशियन वंगण घासत राहिले. बोलणं झालं ते वंगणाबद्दल. रशियनांनी ते कशापासून केलं असावं यावर नॉर्बने तीन मतं मांडली, त्यातलं एक छापण्याजोगं होतं. जाताना त्याने बोल्ट चिंधीत गुंडाळला आणि खिशात घातला. तो नसेल तर बंदूक म्हणजे फक्त महागडी काठी.

"हा घरी नेऊन साफ करतो," नॉर्ब म्हणाला. "माझ्याकडे बारीक ब्रश आहे."

"बाकीच्या बंदुकांसारखा?"

नॉर्बने टबाकडे पाहिलं. "हो. तसाच."

एमिलने दार उघडून धरलं.

आठवड्याने तो बिनबोल्टची बंदूक घेऊन व्हर्नाकडे गेला. दस्ता लालसर, कोरडा आणि सुंदर निघाला होता. लाकडाचं ठिगळ आता जास्त स्पष्ट दिसत होतं, आणि करणाऱ्याचा हात किती सफाईचा होता तेही. व्हर्नाने बंदूक उलटसुलट पाहिली.

"हे काम तू केलंस?"

"आता काडतुसं दे."

"ती ओटोकडे दिलीत," ती म्हणाली आणि खिळ्यांच्या डब्यात काहीतरी शोधू लागली. "सोमवारी पहाटे देईल तो."

"शिकारीआधी दोन-चार बार काढून नेम बघतात, व्हर्ना. सगळे बघतात."

"नेम तुझा तुझ्याकडेच आहे की."

अशा रीतीने बंदुकीचं धूड एमिलकडे, बोल्ट नॉर्बकडे आणि काडतुसं ओटोकडे, असे तीन वाटे झाले. देशात अणुबॉम्बसुद्धा इतक्या बंदोबस्तात नसावा. एमिलने तक्रार केली नाही. तो बंदूक घरी घेऊन गेला आणि रोज पुसत राहिला.

थँक्सगिव्हिंगला तो नॉर्बच्या घरी जेवला. जेवताना कोणी वाद घातला नाही. टर्की कोरडी झाली होती आणि तेही कोणी बोललं नाही.

खोपटात रविवारी पोचल्यावर ओटोने त्याची पथारी शेगडीजवळच्या खाटेवर टाकली. एमिलने ती उचलून खिडकीखालच्या आपल्या जुन्या खाटेवर नेली, जिथे फटीतून वारा येतो. ओटोने ती परत आणली. एमिलने परत नेली. तिसऱ्या खेपेला ओटो "मर" असं काहीतरी पुटपुटला, पण लगेच खोकला आल्यासारखं केलं.

सोमवारी पहाटे नॉर्बने खिशातून बोल्ट काढला. त्याने तो इतका घासला होता की त्यात तोंड दिसावं. ओटोने मोजून काडतुसं दिली. बंदूक पहिल्यांदा एक झाली. मग तिघे नारिंगी जाकिटं घालून अंधुक बर्फातून आपापल्या झाडांकडे गेले.

उजाडल्यावर हरण आलं. आठ टोकांची शिंगं, भक्कम छाती, सत्तर पावलांवर आडवं उभं. एमिलने नेम धरला आणि बार काढला. फौजेच्या त्या बंदुका लांबवरच्या शत्रूसाठी बेतलेल्या. जवळचं हरण त्यांच्या हिशेबात नव्हतं. गोळी त्याच्या पाठीवरून गेली आणि मागच्या झाडाची ढलपी उडाली. हरण दचकलं, दोन उड्या मारून थांबलं आणि आवाज कुठून आला ते बघू लागलं. असं दुसऱ्यांदा उभं राहणारं हरण माणसाला आयुष्यात एकदा मिळतं.

पुढचं काडतूस भरायला एमिलने बोल्ट मागे ओढला. तो आला नाही. जोर लावला. नाही. नळीच्या मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसतं त्या घरात, रशियनांच्या वेळचं वंगण लाखेसारखं चिकटून राहिलं होतं. पहिल्या बाराच्या उष्णतेने ते वितळलं आणि रिकामं काडतूस त्याने डिंकासारखं धरून ठेवलं. एमिलने नळी घासली होती, नॉर्बने बोल्ट घासला होता. दोघांच्या मधल्या त्या बोटभर जागेबद्दल प्रत्येकाला वाटलं होतं की ती दुसऱ्याने केली असेल. आधी एक बार काढून पाहिला असता तर तेव्हाच कळलं असतं.

एमिलने तळहाताने ठोकलं. मग बर्फातून एक लाकूड उकरून काढलं आणि त्याने ठोकायला लागला. हरण कान टवकारून बघत होतं. लाकूड मोडलं तेव्हा ते शांतपणे वळलं आणि चालत गेलं, पळतसुद्धा नाही.

जेवायच्या वेळी तिघे खोपटात जमले. एमिलने झालं ते सांगितलं, काही न वगळता. लाकूड मोडलं तेही. सांगून झाल्यावर त्याने जाकीट काढलं, शर्ट पँटमधून बाहेर ओढला आणि पाठ करून उभा राहिला. शर्टाला मागच्या वर्षी लावलेलं पिवळं शेपूट होतं, स्वयंपाकघराच्या पडद्याचं.

कोणी उठलं नाही.

"कात्री," एमिल म्हणाला.

"कात्री सापडत नाहीये," ओटो म्हणाला. कात्री त्याच्या डोक्यामागे खिळ्याला लोंबत होती.

"शिवाय यात तुझी चूक नाही," नॉर्ब म्हणाला. "बंदुकीत वंगण राहिलं. ते माझ्याकडूनही राहिलं. नेम चुकला असं म्हणता येत नाही याला."

"गोळी झाडाला लागली."

"वरून गेली ती बंदुकीमुळे. परिस्थिती बघायला हवी."

एमिलने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "ज्या वर्षी तुला ताप होता आणि तू थरथरत होतास, त्या वर्षी परिस्थिती बघितली का कोणी?"

"तेव्हा वेगळं होतं."

"ओटोचा चष्मा गोठला होता, तेव्हा?"

"तो मुद्दाम गोठवला होता त्याने," नॉर्ब म्हणाला.

"हे साफ खोटं आहे," ओटो म्हणाला.

शेगडीवर बीन्स खदखदत होते. एमिल पाठ करून उभाच होता. समोरच्या भिंतीवर जुनी शेपटं ठोकलेली होती, चौकड्यांची, पट्ट्यांची, त्यात बदकांचा टॉवेलही. या भिंतीपुढे आजवर कोणाची सबब चालली नव्हती आणि आज त्याची चालत होती. पाहुण्याची चालते.

"कापा," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "कापत नसाल तर मी आत्ता घरी जातो. शेवया खातो."

ओटोने पळीने बीन्स ढवळले. "आणि मग शिवणार कोण?" तो भांड्याकडे बघत म्हणाला.

म्हणजे अडलं होतं ते इथे.

"कोणी नाही," एमिल म्हणाला. "तसाच घालीन."

मग नॉर्ब उठला आणि ओटोच्या डोक्यामागची कात्री काढली. ती बोथट होती. दर वर्षी कोणीतरी धार लावायची म्हणे आणि दर वर्षी विसरे. त्याने एमिलच्या पाठीमागे जाऊन पिवळं कापड चिमटीत धरलं. ते जिथे शर्टाला जोडलं होतं तिथे बारीक, एकसारखे टाके होते. नॉर्बच्या बहिणीचा हात तो. नॉर्बने कात्री खालून लावली, मग काढून वर लावली, टाक्यांच्या बोटभर वर, शर्टाच्या कापडात. टाके अख्खे राहायला हवे होते. कात्री चावत चावत चालली.

"नीट उभा राहा," नॉर्ब म्हणाला.

"उभा आहे."

"आठ टोकांची शिंगं," कापता कापता नॉर्ब म्हणाला. "आठ टोकांची. उभं राहिलं बघत. आणि हा गाढव लाकडं गोळा करतोय."

"शेकोटी करत असेल," ओटो म्हणाला. "हरणाला थंडी वाजत असेल म्हणून."

"वाकून नमस्कार करायचा होतास त्याला."

"केला असेल. लाकूड उचलताना वाकला ना तो."

नॉर्बने शेपूट भिंतीवर धरलं आणि ओटोने खिळा ठोकला. पिवळं कापड बदकांच्या शेजारी बसलं. मग नॉर्बने पितळी ब्रश काढला, थिनर काढला, आणि जेवणाच्या टेबलावर, बीन्सच्या ताटांमध्ये, एमिलने बंदुकीचं ते काडतुसाचं घर घासलं. ब्रश आत फिरला तेव्हा तपकिरी कुरकुरीत कण पडले. "बघ," नॉर्ब म्हणाला. "किती ते." एमिलने बघितलं.

दुपारी ते पुन्हा बाहेर पडले. हरण पुन्हा आलं नाही, यायचं काही कारणही नव्हतं. संध्याकाळी तिघे पावलांत पावलं टाकत खोपटाकडे परतले. दारात नॉर्बने सवयीने हात पुढे केला, बोल्ट मागायला. एमिलने बंदूक खांद्यावरून उतरवली, काडतुसं काढली आणि बोल्ट उघडून, आत रिकामं दिसेल अशी, त्याच्यापुढे धरली. नॉर्बचा हात तसाच हवेत राहिला. मग बोल्ट न घेताच तो वळला आणि कॉफीच्या किटलीकडे गेला.

एमिलने बंदूक ओटोच्या आणि नॉर्बच्या बंदुकांशेजारी कोपऱ्यात टेकवली. ती त्यांच्याहून वीतभर उंच होती आणि जरा मूर्ख दिसत होती. तो आपल्या खिडकीखालच्या खाटेवर बसला. फटीतून वारा आला आणि जिथे शर्ट संपत होता तिथे, कमरेच्या वर, पाठीला लागला.

"गार लागतंय," एमिल म्हणाला.

नॉर्ब किटलीतून कॉफी ओतत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"लागणारच," तो म्हणाला.